चेरी म्हणजे काय एकच असते का?

मार्चचा शेवटचा आठवडा आला, की ब्रिटनमधल्या आपल्या मराठी ग्रुपांवर गुलाबी फोटोंचा पूर येतो. पाडव्याची साडी, मागे फुललेलं झाड आणि खाली ठरलेली ओळ, 'चेरी ब्लॉसम!' त्याच्या थोडं आधी मुंबईकरांनी विक्रोळी-घाटकोपरच्या ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरच्या झाडांचे फोटो पाठवलेले असतात. 'त्यासाठी तिकडे कशाला जायला हवं? आमच्याकडेही आहे चेरी ब्लॉसम,' असं त्यांचं म्हणणं. ती झाडं असतात वसंतराणीची, म्हणजे टॅबेबुयाची. मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली, कर्ण्यासारख्या फुलांची. फिकट गुलाबी गिरिपुष्पालाही हल्ली कोणी कोणी चेरी म्हणतं. ते तर चक्क शेंगांच्या कुळातलं. दोन्ही सुरेख, पण चेरीशी त्यांचं नातं नाही. चेरीचं कूळ गुलाबाचं. बदाम, जर्दाळू, पीच, सफरचंद ही तिची भावंडं.

बरं, इथे राहणाऱ्यांच्या फोटोंतलंही प्रत्येक झाड चेरी असतं असं नाही. फेब्रुवारीच्या शेवटी, हातमोजे घातल्याशिवाय बाहेर पडवत नाही अशा दिवसांत, घराघरांपुढे एक झाड फिकट गुलाबी फुलतं आणि मग त्याला गडद जांभळी पानं येतात. हे आलुबुखाराच्या कुळातलं, इथे त्याला चेरी-प्लम म्हणतात. जांभळ्या पानांचा हा प्रकार इराणच्या शहाकडे माळी असलेल्या पिसार नावाच्या फ्रेंच माणसाने १८८०च्या सुमारास फ्रान्सला पाठवला. त्याच्यावरून एका जातीचं नावच 'पिसार्डी' पडलं. नावात 'चेरी' असल्यामुळे लोकांची दिशाभूल होते, यात लोकांचा काय दोष!

ओळखायचं कसं, हे एकदा कळलं की सोपं आहे. फुलाच्या देठाकडे बघा. चेरीची तीन-चार-पाच फुलं एकाच ठिकाणाहून निघतात आणि प्रत्येकाला लांब देठ असतो, त्यामुळे घोस झुंबरासारखा लोंबतो. प्लमचे देठ आखूड, फुलं एकेकटी. बदामाला देठ जवळजवळ नसतोच, फूल फांदीला चिकटवल्यासारखं. चेरीच्या पाकळीच्या टोकाला बारीकशी खाच असते, नखाने टिचकी मारून काढल्यासारखी. प्लमची पाकळी गोल. फुलं नसताना खोड बघा. चेरीच्या सालीवर आडव्या रेघा असतात, कोणी दोरी गुंडाळून काढून घेतल्यावर वळ उठावेत तशा. पानाच्या देठावर, जिथे पान सुरू होतं तिथे, दोन बारीक लालसर गाठी असतात. त्यांतून गोड रस येतो, म्हणून मुंग्या तिथे घुटमळतात. या खुणा लहान मुलांना सांगून बघा. माझ्या मुलीने सात वर्षांची असताना शाळेच्या वाटेवरच्या सगळ्या झाडांची 'तपासणी' केली होती आणि आम्हाला रोज उशीर होत होता.

इथवर झालं 'चेरी की दुसरं काही' एवढंच. पुढचा प्रश्न मला विचारला तो माझ्या आईने.

आम्ही स्टोक-ऑन-ट्रेंटजवळ राहतो, सोळा वर्षं झाली. २०१९च्या मार्चमध्ये आई आमच्याकडे आली. तिचं माहेर देवगड तालुक्यातलं. माझ्या आजोबांची हापूसची कलमं होती आणि आईचं बालपण कलमं बांधणं, खुंट निवडणं, फुटवे खुडणं हे बघत गेलेलं. आल्यावर थंडीने पहिले पंधरा दिवस ती खिडकीतूनच रस्ता बघत होती. एप्रिलच्या सुरुवातीला आमच्या कोपऱ्यावरचं एक झाड पांढरं फुललं, तेव्हा तिने विचारलं, "ह्याचं नाव काय?" मी म्हटलं, "चेरी." चार दिवसांनी पार्कमधलं गुलाबीसर झाड फुललं. "आणि हे?" "तेही चेरीच." एप्रिलच्या शेवटाला आमच्या रस्त्यावरची ओळीने सात झाडं गडद गुलाबी झाली, तेव्हा तिने विचारलं नाही. नुसती माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं, चेरी चेरी काय लावलंयस? आंबा म्हणजे काय एकच असतो का? हापूस वेगळा, पायरी वेगळा, रायवळ वेगळा. ह्यांना नावं असतीलच की!"

नावं आहेत, आणि भरपूर आहेत. आंब्याची उपमाही अगदी चपखल बसते, कारण शोभेच्या चेरीचं सगळं जग कलमांवरच उभं आहे. रानात आपोआप उगवणारी इथली मूळची चेरी म्हणजे 'जीन', पांढऱ्या साध्या पाच पाकळ्यांची, उंच वाढणारी. ही इथली रायवळ. बिया पक्षी खातात आणि पसरवतात. रस्त्यावर, बागेत दिसणाऱ्या जपानी चेऱ्या मात्र बियांपासून तशाच्या तशा येत नाहीत. दुहेरी-तिहेरी पाकळ्यांच्या बऱ्याच जातींत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. त्यांना फळ धरत नाही किंवा नावापुरतं धरतं. म्हणून जीनच्या खुंटावर त्यांचं कलम करतात.

आईने आमच्या रस्त्यावरच्या पहिल्याच झाडावर हात ठेवून कलमाची जागा दाखवली. माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर खोडाला गळ्यात गोळा आल्यासारखा फुगवटा होता. खालची साल वेगळी, वरची वेगळी. मी त्या झाडावरून रोज बसस्टॉपला जात होते. खालून दोन बारीक फांद्या फुटल्या होत्या आणि त्यांवर साधी पांढरी फुलं होती; वर मात्र गुलाबी गेंद. "खुंट वर चाललाय. कोणी खुडलं नाही वेळेवर," आई म्हणाली, शेजाऱ्याच्या पोरांना वळण नाही असं सांगावं त्या सुरात. एकाच झाडावर दोन रंगांची फुलं दिसली, तर तो चमत्कार नसतो. खालचा रायवळ डोकं वर काढत असतो.

त्या सात झाडांचं नाव 'कान्झान'. ब्रिटनमध्ये तुम्ही कुठेही राहा, ही जात तुम्ही पाहिलेली आहेच. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ती इथे आली आणि उपनगरांतल्या अरुंद रस्त्यांना अशी मानवली, की नवी घरं बांधली की पुढे कान्झान लावायची रीतच पडून गेली. एकेका फुलाला वीस-पंचवीस किंवा जास्तच पाकळ्या. लग्नातल्या कागदी फुलांसारखा भरगच्च गुलाबी. झाड लहानपणी उलट्या छत्रीसारखं वर जातं आणि म्हातारपणी फांद्या पसरतात. हमखास खूण म्हणजे पालवी. फुलांबरोबर येणारी कोवळी पानं तांबूस-तपकिरी असतात, आपल्या आंब्याच्या किंवा पिंपळाच्या चैत्रपालवीसारखी. जपानमध्ये याच कान्झानची फुलं मिठात मुरवून ठेवतात आणि लग्नकार्यात गरम पाण्यात एक-दोन फुलं सोडून ते पाणी चहाऐवजी देतात. आईला हे सांगितल्यावर तिने लगेच विचारलं, "लोणच्यासारखं? मग मिठाचं प्रमाण किती?" घरी हा प्रयोग करू नका, रस्त्यावरच्या झाडांवर काय फवारलेलं असतं कुणास ठाऊक.

नावांचा नाद लागला तो तिथून. आमच्या घरापासून जवळच कील युनिव्हर्सिटी आहे, आणि तिच्या आवारात फुलांच्या चेरीचा राष्ट्रीय संग्रह आहे : दोनशेहून अधिक प्रकार. इतकी वर्षं आम्ही तिथे फक्त मुलीच्या एका स्पर्धेसाठी गेलो होतो. एप्रिलमधल्या एका रविवारी आईला घेऊन गेलो. डब्यात दडपे पोहे, थर्मासमध्ये चहा. झाडाखाली बसून फुलं बघणं याला जपानीत 'हानामी' म्हणतात. हजार वर्षांहून जुनी रीत आहे. आम्हाला ती माहीत असायची गरज नव्हती, चटई आणि डबा घेऊन निघायचं एवढं आपल्यालाही येतंच.

तिथे आईचं सगळ्यात आवडतं ठरलं ते 'उकोन'. लांबून पाहिलं तर वाटतं फुलं जुनी होऊन पिवळी पडलीत. जवळ गेल्यावर कळतं, रंगच तसा आहे. दुधात चिमूटभर हळद टाकल्यासारखा पिवळट, त्यात किंचित हिरवी झाक. आणि जपानीत 'उकोन' म्हणजे हळदच! आईने झाडाला नमस्कार केला. मी म्हटलं, "अगं, नमस्कार काय करतेस?" तर म्हणे, "हळदीच्या नावाचं आहे, केला तर काय बिघडलं?"

नावांच्या बाबतीत जपानी लोक आपल्याला जवळचे वाटतील असे आहेत. सरळ खांबासारखी उंच वाढणारी, फिकट गुलाबी फुलांची अरुंद चेरी तुम्ही छोट्या अंगणांत पाहिली असेल. तिचं नाव 'आमानोगावा', म्हणजे स्वर्गातली नदी. आपल्या भाषेत आकाशगंगा. इथले लोक ती लावतात जागा कमी लागते म्हणून. दुसरी 'फुगेन्झो'. फुगेन म्हणजे समंतभद्र बोधिसत्त्व आणि 'झो' म्हणजे हत्ती, त्याचं वाहन. या फुलाच्या मध्यातून दोन छोटी हिरवी पानंच बाहेर डोकावतात आणि ती हत्तीच्या सुळ्यांसारखी वाकलेली असतात. गणपतीच्या देशातल्या माणसाला हे दाखवलं की तो पुढच्या प्रत्येक फुलात सुळे शोधायला लागतो. एकूण या बागेतल्या जातींना 'सातो-झाकुरा' म्हणतात, म्हणजे गावातली चेरी. डोंगरातली रानटी ती 'यामा-झाकुरा'. आपल्याकडे 'गावठी' म्हटलं की नाक मुरडतात, तिथे गावातली म्हणजे निगुतीने वाढवलेली.

खोड बघायचं असेल तर तिबेटी चेरी. फुलं बारीक, पानांत लपलेली, लक्षही जात नाही. पण साल अशी, की घासूनपुसून ठेवलेला तांब्याचा हंडा. बागांमध्ये या झाडाच्या खोडाचा एक पट्टा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातांनी आणखीच चकचकीत झालेला असतो. हात लावल्याशिवाय राहवतच नाही. आणि ज्यांना एप्रिलपर्यंत धीर नाही, त्यांच्यासाठी हिवाळी चेरी आहे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, थंडीने जरा उसंत दिली की ती चार-चार फुलं उमलून घेते. दिवाळी झाल्यावर, चार वाजता अंधार पडणाऱ्या दिवसांत, पानं झडलेल्या फांद्यांवर ती फुलं दिसली की बरं वाटतं. फार काही नाही, बरं वाटतं.

सगळ्यांत मी थांबले ती मात्र एका पांढऱ्या झाडापाशी. पाचच पाकळ्या, पण फूल केवढं! सहा सेंटीमीटरच्या आसपास रुंद, शुभ्र, आणि भोवती तांब्यासारखी पालवी. नाव 'ताइहाकु', म्हणजे मोठी शुभ्र. याची गोष्ट मी त्यानंतर कितीतरी जणांना सांगितली आहे.

कॉलिंगवुड इंग्रम हा श्रीमंत घरातला माणूस, १८८०चा जन्म. त्याच्या आजोबांनी 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' हे प्रसिद्ध साप्ताहिक सुरू केलं होतं. इंग्रमला आधी वेड पक्ष्यांचं. पहिल्या महायुद्धानंतर तो केंट परगण्यातल्या बेनेन्डेन गावी राहायला गेला. त्या घराच्या आवारात दोन जुन्या जपानी चेऱ्या होत्या, त्या फुलल्या आणि हा माणूस चेरीचा झाला. पुढे लोक त्याला 'चेरी इंग्रम' म्हणूनच ओळखू लागले. १९२३मध्ये ससेक्समधल्या एका बागेत त्याला एक मरायला टेकलेलं झाड दिसलं. जपानहून कधीतरी आलेलं, मोठ्या पांढऱ्या फुलांचं. त्याने काड्या मागून घेतल्या आणि आपल्या बागेत कलमं केली.

१९२६ साली तो खास चेरीसाठी जपानला गेला. तिथे त्याला जे दिसलं त्याने तो अस्वस्थ झाला. जपान वेगाने आधुनिक होत होता, जुन्या बागा मोडत होत्या, आणि नवीन लावलं जात होतं ते बहुतेक ठिकाणी एकच झाड : 'सोमेइ-योशिनो'. भराभर वाढणारं, पानांआधी फुलणारं. सगळी एकाच झाडाची कलमं, म्हणून सगळी एकदम फुलतात आणि एकदम झडतात. जपानच्या फोटोंत आपण जे फिकट ढग बघतो ते बहुतेक हेच. सुंदर आहे, वाद नाही. पण देशभर फक्त हापूस लावला आणि पायरी, रायवळ, बिटकी सगळं तोडून टाकलं तर?

टोकियोत अराकावा नदीच्या बांधावर जुन्या जातींची झाडं जपणारे फुनात्सु सेइसाकु नावाचे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी इंग्रमला एक जुनं चित्र उलगडून दाखवलं. त्यांच्या पणजोबांनी काढलेलं, मोठ्या पांढऱ्या चेरीचं. हे झाड पूर्वी क्योटोजवळ होतं, आता ते जपानात कुठेच सापडत नाही, असं ते म्हणाले. इंग्रमने चित्र पाहिलं आणि ओळखलं. ते झाड केंटमध्ये त्याच्या बागेत फुलत होतं.

आता ते परत पाठवायचं कसं? कलमकाड्या पाठवल्या तर जहाजाच्या लांबच्या प्रवासात, विषुववृत्ताच्या उन्हात त्या वाळून जायच्या. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा फसलं. शेवटी काड्यांची टोकं बटाट्यांत खुपसून, ओल टिकेल अशा बेताने, त्या सैबेरियामार्गे रेल्वेने पाठवल्या. १९३२मध्ये क्योटोत कलम जगलं. आज जगात जितक्या ताइहाकु आहेत, त्या सगळ्या ससेक्समधल्या त्या एका मरणाऱ्या झाडाच्या. उत्तर इंग्लंडमधल्या ॲनिकच्या बागेत त्यांची मोठी राई आहे, तीनशेहून जास्त झाडांची. इंग्रम शंभर वर्षं जगला, १९८१मध्ये गेला. नाओको आबे या जपानी पत्रकार बाईंनी त्याचं चरित्र लिहिलं आहे, मिळालं तर वाचा.

मी हे सगळं आईला बाकावर बसून सांगत होते. बटाट्याचं ऐकून ती म्हणाली, "शहाणा माणूस. आमच्याकडे ओल्या मातीत गुंडाळून केळीच्या सोपट्यात बांधायचे." मग थोडा वेळ गप्प बसली. "म्हणजे तिकडे संपलं होतं आणि इकडे होतं," ती म्हणाली. तिच्या एका मामेभावाच्या घरी नैरोबीत, तिच्या आजीची ओवी एका वहीत लिहून ठेवलेली सापडली होती, जी देवगडला कोणालाच येत नव्हती. ती गोष्ट मला तोपर्यंत माहीत नव्हती.

त्या वर्षी चैत्रगौरीचं हळदीकुंकू आमच्या घरी झालं. डाळ, पन्हं आणि आरास. बाहेरच्या कान्झानची फुलं झडायला लागली होती, रस्ता गुलाबी झाला होता. झाडावरची फुलं तोडायची नाहीत, ती सगळ्यांची आहेत, हे मी आईला आधीच सांगितलं होतं. पण जमिनीवर पडलेलं फूल देवाला कसं वाहायचं? तिने स्वतःच तोडगा काढला : "पारिजातकाचं चालतं ना? मग हेही त्यातलंच." आमच्या गौरीभोवती त्या पाकळ्यांचा गालिचा होता. हळदीकुंकवाला आलेल्या जपानी शेजारणीने त्याचे इतके फोटो काढले की पन्हं गरम झालं.

आई ऑगस्टमध्ये परत गेली. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा यायचं होतं, तिकीट काढलेलं होतं. ते २०२० साल होतं. त्या वसंतात इथे तोपर्यंतच्या नोंदींतलं सगळ्यात लखलखीत ऊन पडलं आणि आम्हाला दिवसातून एकदाच फिरायला बाहेर पडायची मुभा होती. मी रोज त्या सात झाडांपर्यंत जायचे आणि आईला एक फोटो पाठवायचे. कळी, अर्धी कळी, फूल, झड. ती उत्तरात एकच शब्द पाठवायची, 'पाहिलं'. त्या वसंतात फुलांकडे नव्याने बघितलेली मी एकटी नव्हे. नंतर लंडनच्या ऑलिम्पिक पार्कमध्ये करोनातल्या माणसांच्या आठवणीसाठी फुलझाडांची एक बाग झाली, शहराच्या प्रत्येक भागासाठी एक अशी तेहतीस झाडं. मी तिथे एकदाच गेले. तिथे फोटो काढावासा वाटला नाही.

आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. गुडघ्यांमुळे आणि डॉक्टरांच्या सल्ल्यामुळे ती आता विमानात बसणार नाही. तिच्यासाठी आमची चेरी फोनमध्येच.

आणि इकडे झाडंही म्हातारी झाली. चेरी हे वडा-पिंपळासारखं पिढ्यान्‌पिढ्यांचं झाड नव्हे. रस्त्याकडेची कान्झान पन्नास-साठ वर्षांत थकते. खोडातून डिंक गळायला लागतो (आमच्या एका बहिणीने विचारलंच, 'लाडूला चालेल का?' नाही, चालणार नाही), बुंध्याशी अळंबी उगवते, फांद्या वाळतात. मुळं वरवरची असल्याने फरशा उचलल्या जातात आणि तक्रारी होतात. युद्धानंतरच्या दशकांत लावलेली ही पिढी आता देशभर एकदमच म्हातारी झाली आहे. तुमच्या रस्त्यावरचीही त्याच वयाची असण्याची शक्यता आहे. दुसरीकडे नवी लागवडही चालू आहे. २०१९पासून जपानी कंपन्यांच्या देणग्यांतून सहा हजारांहून अधिक चेऱ्या देशभरातल्या पार्कांत आणि शाळांत लावल्या गेल्या. त्यांत ताइहाकु, सोमेइ-योशिनो आणि बेनी-युताका या तीन जाती आहेत. तुमच्या मुलांच्या शाळेत कदाचित त्यांतलं एखादं असेल, नावाची पाटी बघा.

गेल्या वर्षी आमच्या सातपैकी तीन झाडांवर रंगाची खूण आली, आणि मग पत्र. आतून पोखरली आहेत, काढावी लागतील. त्या जागी काय लावायचं, रहिवाशांनी यादीतून निवडून कळवावं.

रस्त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावरून जे रणकंदन माजलं, ते आमच्या मंडळाच्या निवडणुकीतही मी पाहिलेलं नाही. काहींना झाडच नको होतं, गाडी लावायला जागा हवी होती. एका तरुण जोडप्याचं म्हणणं, कान्झान नकोच. इतक्या पाकळ्या असतात की मधमाशीला आत काही मिळत नाही, साध्या पाच पाकळ्यांचं लावा. मुद्दा बरोबर होता. आणि समोरच्या घरातले आजोबा, वय वर्षं पंच्याऐंशी, त्यांनी ग्रुपवर लिहिलं नाही. ते दारात आले. ही झाडं लावली तेव्हा ते नव्यानेच इथे राहायला आले होते, पहिली मुलगी पाळण्यात होती. त्यांना कान्झानच हवी होती, दुसरी नको. "मला ती गुलाबीच बघायची आहे," एवढंच म्हणाले. इंग्रमला कान्झान आवडत नसे, जिकडेतिकडे तीच दिसते म्हणून तो वैतागायचा. पण हे मी आजोबांना सांगितलं नाही.

यादीत ताइहाकु होती. उकोन नव्हती, मी विचारून पाहिलं. मी सगळ्यांना दोन्ही जातींचे फोटो पाठवले, कोणती कधी फुलते ते लिहिलं, इंग्रमची गोष्ट चार ओळींत सांगितली. मतदान झालं. दोन कान्झान, एक ताइहाकु. ताइहाकु आधी फुलेल, कान्झान नंतर, म्हणजे रस्त्याला दोन आठवडे जास्त मिळाले. कान्झानपैकी एक आजोबांच्या खिडकीसमोर, हे कोणी सुचवलं नाही पण सगळ्यांनी मान्य केलं.

जुनी झाडं कापली त्या दिवशी मी घरून काम करत होते. करवतीचा आवाज दुपारपर्यंत चालू होता. चेरीचं लाकूड आतून पिंगट-लालसर असतं. कामगारांनी विचारल्यावर एक जाड चकती काढून दिली. ती आजोबांच्या ओसरीत आहे, त्यांनी वर्षं मोजली असणार.

नोव्हेंबरमध्ये नवी रोपं आली. काठीएवढी, दोन खुंट्यांना बांधलेली, बुंध्याला पाण्याची हिरवी पिशवी. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी घालायची जबाबदारी रहिवाशांनी वाटून घेतली आहे, गुरुवार आमचा. छाटणी करायची तर ती उन्हाळ्यातच, जून ते ऑगस्ट. थंडीत कापलं की जखमेतून बुरशी शिरते, हे मी ग्रुपवर तीनदा लिहून टाकलं आहे. एप्रिलमध्ये ताइहाकुला मोजून अकरा फुलं आली. आईला फोन लावून कॅमेरा फुलांवर धरला. ती म्हणाली, "फुलं पाहिली. आता जरा खाली घे." खाली घेतला. "अजून खाली. कलमाच्या खाली." तिथे बोटभर लांबीचा एक हिरवा फुटवा होता, माझ्या लक्षातही आला नव्हता.

"खुड," आई म्हणाली. "मी बघतेय, आत्ताच खुड."